रॉकेल, डाळ-तांदूळ आणि अफवा

आमच्या मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात केली तेव्हा एक प्रश्न ठरलेला असे. पत्रिका जुळायची, मुलगी पसंत पडायची, पोहे-चहा व्हायचा, आणि मग मुलाची आई पदर सावरत हळूच विचारायची, "तुमच्या भिवंडीला वातावरण कसं असतं हो?" वातावरण म्हणजे हवापाणी नव्हे, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी आपली दर वेळी सांगायची, "डास फार आहेत." आमच्या ह्यांना ते उत्तर मुळीच आवडत नसे. पण मुलगी दाखवायच्या बैठकीत, तेही दहा मिनिटांत, मी दुसरे काय सांगणार? खरे उत्तर बरेच लांबलचक आहे. दिवाळी अंकात जागा मिळाली आहे, तर तेच सांगते.

ठाण्याच्या पलीकडे, कामवारी नदीच्या काठचे हे गाव. येथे कोकणी मुसलमान पिढ्यान् पिढ्या राहत आलेले; त्यांची घरातली बोली आपल्याला सहज कळावी इतकी मराठीच्या जवळची. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे आली. पुढे १९३० नंतर हातमागांच्या जागी विजेचे माग बसू लागले, तेलंगणातून पद्मशाली आले, आणि मागावर काम करायला उत्तर प्रदेश-बिहारकडची मंडळी लोंढ्याने आली. १९९१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती पावणेचार लाखांवर गेली होती. गटारे मात्र पन्नास हजारांनाच पुरतील अशी. आम्ही तरीही त्याला 'गाव'च म्हणतो.

मी १९७४ साली लग्न होऊन पुण्याहून येथे आले. आमचे हे एका सायझिंगमध्ये हिशेबनीस होते. सायझिंग म्हणजे सुताला खळ देऊन ते मागावर चढवण्याजोगे करण्याचा कारखाना. सासरी पहिल्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. मागच्या गल्लीत माग चालू होते. खटाखट, खटाखट, एकसारखे, रात्रभर. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, तेव्हा आवाजाला विसावा असा नाहीच. सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर थांब. मग आवाज बंद झाला की जाग येईल." तसेच झाले. एवढेच नव्हे, तर जाग आल्यावर काय पाहायचे तेही त्यांनीच शिकवले. आधी खिडकीतून समोरचा दिवा पाहायचा. दिवा गेलेला असला तर वीज गेली आहे, कूस बदलून झोपावे. पण दिवा चालू आहे आणि माग बंद आहेत, तर मात्र उठून ह्यांना हलवायचे.

सासूबाईंचे हे ज्ञान फुकटचे नव्हते. ७ मे १९७० ची, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळची दंगल त्यांनी पाहिली होती. त्या दंगलीचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले आणि पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. ती माझ्यासाठी ऐकीव. मे १९८४ ची मात्र मी स्वतः पाहिली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे त्या दंगलीत गेली. तिचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ते नको असते आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते वाचून काही कळत नाही. एकच सांगते. घर सोडायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी देव घेतले, ह्यांनी भाडेपावत्या घेतल्या, मी मुलीचे दुधाचे भांडे घेतले, आणि नऊ वर्षांच्या मुलीने शाळेचे प्रगतिपुस्तक घेतले. पंधरा दिवस माझ्या भावाकडे मुंबईला काढून परतलो तेव्हा आमचे घर जागेवर होते. सायझिंगपाशी दोन शेड नव्हत्या.

तेव्हापासून आमच्या माळ्यावर एक फळी वेगळी राहिली. पाच लिटर रॉकेल, तूरडाळ, तांदूळ, बटाटे, मीठ, काड्यापेट्यांचा पुडा, मेणबत्त्या, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दुधाची पावडर. सण जवळ आले आणि त्यातून दोन्हीकडचे सण एकाच आठवड्यात आले, की फळी भरून घ्यायची. गंमत अशी, की अशी फळी गल्लीत प्रत्येकाच्या घरी होती आणि कुणी कुणाला ती दाखवत नसे. वाण्याला मात्र सगळे कळे. "वहिनी, बटाटे पाच किलो? पाहुणे येणार वाटतं!" असे तो मिश्किलपणे म्हणायचा. आणि वाण्याकडे गर्दी दिसली, की ज्यांच्या मनात काहीच नव्हते तेही पिशवी घेऊन धावायचे. संध्याकाळी बटाटे संपले, की 'काही तरी होणार' याला आणखी एक पुरावा!

गाव ताणाखाली आले हे ओळखायच्या खुणा वर्तमानपत्रात येत नाहीत. पहिल्याने हातगाड्या नाहीशा होतात, कारण हातगाडीवाल्याला माल गुंडाळून पळता येत नाही. मग दुकानांची शटरे अर्धी खाली येतात. धंदाही चालू आणि दारही जवळ. मागावरचे कामगार पगाराची उचल मागू लागतात, म्हणजे गावाकडची गाडी पकडायचा बेत असतो. शिंपी शिवायला टाकलेले कपडे आजच घेऊन जा म्हणतो. शाळेतून मुले घ्यायला बायकांऐवजी बाप्ये येतात. आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे माणसे अतिशय सभ्यपणे बोलू लागतात. एरवी नळावर "ए, बादली काढ तुझी" म्हणणारी बाई "घ्या ना, तुम्ही भरा आधी" म्हणाली, की माझ्या पोटात गोळा यायचा.

मग अफवा. माझे तर मत झाले आहे, की दगडाने जेवढी घरे फुटली नसतील तेवढी अफवेने फुटली. दुधात विष कालवले आहे. पाण्याच्या टाकीत काही तरी टाकले आहे. रात्री ट्रक भरून माणसे आली. हीच तीन वाक्ये दोन्ही बाजूंना, शब्दसुद्धा न बदलता फिरत. फक्त विष कालवणारा बदले. ती कोणी सांगितली म्हणून विचारावे तर "पलीकडच्या गल्लीतला एकजण सांगत होता." त्या एकजणाला मी पन्नास वर्षांत पाहिलेला नाही.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी 'मोहल्ला कमिटी' नावाचा प्रकार सुरू केला. शांतता कमिट्या त्याआधीही होत्या. पण त्यांत दोन्हीकडचे पुढारी हारतुरे घेऊन बसत आणि फोटो निघाला की उठत. या नव्या कमिट्या गल्लीगल्लीत होत्या, सत्तरच्या आसपास, आणि त्यांत किराणावाले, मास्तर, मागवाले, कामगार अशी साधी माणसे घेतलेली. प्रत्येक भाग एकेका पोलिसाकडे सोपवलेला. त्याने तेथे जायचे, बसायचे, माणसे ओळखायची.

आमचे हे या गोष्टीला अगदी नाके मुरडत होते. "चहा पिऊन दंगली थांबल्या असत्या तर उडप्यांनी केव्हाच जगात शांतता केली असती!" तरीही गेले, कारण सायझिंगच्या शेठांनी बोलावले होते. पहिली बैठक नगरपालिकेच्या शाळेत, पोरांच्या बुटक्या बाकांवर. विषय काय निघाला असेल? गटार. दुसऱ्या बैठकीत विजेच्या खांबावरचा दिवा. तिसऱ्या बैठकीत पुन्हा गटार. हवालदार वही काढून सगळे लिहून घेई. ह्यांनी घरी येऊन कपाळावर हात मारला. पण चौथ्या महिन्यात खांबावर दिवा लागला, आणि त्या दिव्याखाली रात्री जेवणानंतर दोन्ही बाजूंचे म्हातारे गप्पा मारत बसू लागले. बायकांना सुरुवातीला कुणी बोलावले नव्हते. नळाचा विषय निघाला तेव्हा मात्र बोलावणे भागच पडले. समोरच्या मोहल्ल्यातली खाला आणि मी अशा त्या नळापायी शेजारी-शेजारी बसलो. दहा वर्षे आम्ही एकमेकींची तोंडे ओळखत होतो. नाव त्या दिवशी कळले.

या प्रकाराचा उपयोग काय, ते एका उन्हाळ्यात समजले. नळावर दोन पोरांची जुंपली. कारण घागर. एकाचे डोके फुटले, तीन टाके पडले. नळापाशी ती दोन पोरांची मारामारी होती. दुसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत ती दोन जमातींची झाली. आणि तीन बत्तीपर्यंत जाता जाता एकजण मेलादेखील. पूर्वी असते तर शटरे धडाधड खाली आली असती. त्या दिवशी हवालदार, सायझिंगचे शेठ आणि मंदिरातले गुरुजी असे तिघे त्या डोके फुटलेल्या पोराला मध्ये घेऊन बाजारातून पायी फिरले. बँडेज बांधलेले पोर हातात कुल्फी घेऊन चालले आहे, हे सगळ्यांनी पाहिले. मेलेले पोर कुल्फी खात नाही, एवढे लोकांना कळते.

आणि मग १९९२ चा डिसेंबर आला. ६ तारखेला रविवार होता. दुपारनंतर अयोध्येच्या बातम्या रेडिओवरून येऊ लागल्या. अंधार पडायच्या आत रस्ते ओस पडले. रात्री नऊला माग बंद झाले. मी खिडकीतून पाहिले, समोरचा दिवा चालू होता.

माळ्यावरची फळी भरलेली होती. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. देव्हाऱ्यातले देव मीच फडक्यात बांधून ठेवले. ह्यांनी पिशवी काढली, पावत्या भरल्या आणि पायात चपला घालून तसेच खुर्चीवर बसून राहिले. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. सतरा वर्षांच्या मुलीच्या आईला अशा रात्री काय वाटते ते मी लिहीत नाही. दहाच्या सुमारास दार वाजले. आमचा हवालदार. एकटाच, पायी, हातात नुसती काठी. म्हणाला, "काका, चला. नाक्यावर बसायचंय." मला वाटले, हे नाही म्हणतील. चपला तर पायात होत्याच.

गल्लीच्या तोंडाशी दोन बाजली टाकली गेली. एका बाजूला आमच्या आळीतली पाच-सहा माणसे, दुसऱ्या बाजूला मोहल्ल्यातली. मधे शेगडी. पहाटेपर्यंत ते बसले, आणि पुढच्या कित्येक रात्री बसले. काय केले म्हणाल, तर काहीच नाही. पोरांचे टोळके येताना दिसले, की शेठ बसल्या जागेवरून विचारायचे, "किसका बेटा है तू?" आणि आमच्या बाजूचे टोळके आले की गुरुजी विचारायचे, "तू कुणाचा रे?" एवढाच प्रश्न. पोराला बापाचे नाव सांगावे लागे. ज्याने एकदा चारचौघांत बापाचे नाव सांगितले, तो मग मुकाट्याने घरी जाई. एका रात्री आठ-दहा पोरे अशी आली की एकालाही कुणी ओळखेना आणि उत्तर द्यायलाही कुणी तयार होईना. तेव्हा मात्र हवालदार उठला आणि त्याच्या मागोमाग बाजल्यांवरची सगळी माणसे उठून उभी राहिली, दोन्हीकडची. ह्यांनी सांगितले, "माझे पाय इतके लटपटत होते, की शेजाऱ्याला धरून उभा राहिलो. तोही मलाच धरून उभा होता." पोरे माघारी फिरली.

दिवसाचे काम बायकांकडे होते. खालाने आणि मी पहिल्याच सकाळी ठरवले, की काही ऐकू आले तर तिने माझ्याकडे यायचे किंवा मी तिच्याकडे जायचे; मधल्या कुणाचे ऐकायचे नाही. त्या आठवड्यात मी तिच्या दारी निदान वीस वेळा गेले असेन. "खाला, म्हणतात तुमच्याकडे गच्चीवर दगड जमवलेत." "चल, वर चल, बघ." वर पापड वाळत होते. दुपारी ती आमच्याकडे. "भाभी, तुमच्या देवळात बाहेरची माणसं उतरलीत म्हणे." देवळात गुरुजींची सोवळी वाळत होती. हसू नका, त्या दिवशी आम्हालाही हसू आले नव्हते. गच्चीचा जिना चढताना छातीत इतके धडधडत होते, की मधे दोनदा बसावे लागले. दगड असते तर?

तिसऱ्या दिवशी पाण्याची अफवा आलीच. टाकीत काही तरी टाकले आहे, कुणी पाणी पिऊ नका. बायका भरलेल्या घागरी गटारात ओतू लागल्या. घरात लहान मुले, बाहेर दुकाने बंद आणि पाणी टाकून दिलेले! हवालदार, शेठ आणि आमचे हे चौकातल्या नळावर गेले, आणि सगळ्यांच्या देखत तिघांनी ओंजळी भरून पाणी प्याले. आमचे हे एरवी उकळल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नसत. तासभर ते तिघे नळाच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि लोक त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. तासाने खालाची नात घागर घेऊन आली.

जानेवारी १९९३ डिसेंबरपेक्षा वाईट होता. मुंबई पुन्हा पेटली. एके दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात माझ्या भावाचा फोन आला. उपनगरात त्याच्या चाळीसमोरच जाळपोळ चालली होती. फोनवर तो जरा चाचरला आणि म्हणाला, "ताई, चार दिवस तुझ्याकडे येऊ का? तुमच्याकडे... वातावरण कसं आहे?" १९८४ साली त्याच्या घरी आम्ही पंधरा दिवस राहिलो होतो. आता मुंबईची माणसे जीव वाचवायला भिवंडीला येणार! दोन पिशव्या घेऊन चौघे आले. वहिनी पहिले दोन दिवस खिडकीपाशीसुद्धा जाईना. तिसऱ्या दिवशी खाला सूप घेऊन आली आणि तांदूळ निवडायला बसली, तेव्हा वहिनीने तिच्याकडे पाठ करून भाजी चिरली. पाचव्या दिवशी दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवत होत्या.

डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. भिवंडीत दंगल झाली नाही. दंगल होते तेव्हा वार्ताहर येतात, ती होत नाही तेव्हा कोण येणार? पुढे मात्र आले. मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली, ज्युलिओ रिबेरो यांच्यासारखी माणसे त्यात पडली, आणि भिवंडीचे नाव प्रथमच चांगल्या कारणासाठी छापून आले.

हे कशामुळे झाले, यावर आमच्याकडे आजही वाद होतात. मागवाले म्हणतात, धंद्यामुळे. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा, भांडून खायचे काय? पण धंदा तर १९८४ सालीही होता. कुणी म्हणते, १९८४ ची दहशत होती. असेल; पण दहशतीने माणूस दगडही उचलतो. पोलीस म्हणतात, बंदोबस्तामुळे. तोही होता, खोटे कशाला बोलू. मला आपले वाटते, की चार वर्षे गटारावर भांडल्यामुळे त्या रात्री हवालदाराला कुणाचे दार वाजवायचे ते ठाऊक होते.

यावरून भिवंडीचा स्वर्ग झाला असे कुणी समजू नये. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून येथेच जमाव खवळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. त्या दिवशी मी आमच्या जुन्या हवालदाराचा विचार करत होते. तो तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता. त्याच्या वहीतली गल्ल्यांची पाने पुढे कुणी उलटली होती की नाही, कोण जाणे.

आता आमच्या माळ्यावर ती फळी नाही. रॉकेल मिळत नाही आणि गॅसची टाकी माळ्यावर चढत नाही. गावातले किती तरी माग भंगारात निघाले, गावाबाहेर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. अफवा मात्र आता पायी येत नाही. ९ नोव्हेंबर २०१९ ला, शनिवारी, अयोध्येचा निकाल लागायचा होता. दुसऱ्याच दिवशी ईद-ए-मिलाद. त्या सकाळी उठून पाहते तो नातवाच्या मोबाइलवर एकाच रात्रीत दीडशे निरोप. त्यांत तीच तीन वाक्ये होती, दूध, पाणी आणि ट्रक. मी ओळखली लगेच. खाला आता चालू शकत नाही. मी फोन लावला, तिच्या नातीने तिच्या कानाला धरला. "खाला, ट्रक आले म्हणे." पलीकडून आवाज आला, "बटाट्याचे असतील, घे पाच किलो."

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. सरकारने जुलुसासाठी दुसऱ्या दिवशी, २९ ला, सुटी दिली. पण त्याआधी आमच्याकडे बैठक झाली. मोहल्ला कमिटी नावाची चीज अजून आहे. सणांच्या आधी भरते. हे आता नाहीत, म्हणून मला बोलावतात. गणपती वऱ्हाळदेवीच्या तलावाकडे किती वाजता निघायचे, भोंगे कुठे बंद करायचे, गाड्या कुठे लावायच्या यावर दोन तास कडाक्याचे भांडण झाले. मला फार बरे वाटले. कुणीच सभ्यपणे बोलत नव्हते.

बैठक संपल्यावर नवा शिपाई माझ्याकडे आला. कोवळे पोर, गडचिरोलीकडून बदलून आलेले. मोबाइल पुढे करून म्हणाला, "आजी, नंबर द्या तुमचा. ग्रुपमध्ये घेतो." मी म्हटले, "नंबर देते रे, पण आधी माझ्याबरोबर चल." त्याला घेऊन आळीतून निघाले. गुरुजींच्या मुलाचे घर दाखवले, शेठांच्या नातवाची शेड दाखवली, चौकातला नळ दाखवला. खालाच्या दाराशी आलो तेव्हा ती आतूनच ओरडली, "कौन है?" पोर जरा बिचकले. मी म्हटले, "सांग की, कुणाचा ते." त्याने बापाचे नाव सांगितले. खाला म्हणाली, "आत ये. चहा घेऊन जा. आणि त्या गटाराचं काय झालं ते लिहून घे."